रात्रपाळीनंतरचा चहा: डॉक्टरला कोण सावरतं?

ज्यांना बसमध्ये किंवा लायब्ररीत बसून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो. आम्ही वर्ध्याचे. माझी ताई डॉक्टर आहे. ही गोष्ट ती विदर्भातल्याच एका रुग्णालयात मेडिसिनची निवासी डॉक्टर होती तेव्हाची, दुसऱ्या वर्षाची. तिला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून सांगतोय.

कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत मेडिसिन वॉर्डात कोणते पेशंट येतात, हे इकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. कीटकनाशकाची विषबाधा झालेला एक पेशंट तिच्याकडे होता. तिसरा दिवस. ॲट्रोपिनचं प्रमाण कमी करत आणलं होतं, माणूस बोलत होता. रात्री एक वाजता ताईने त्याला पाहिलं. तो म्हणाला, "झोप येऊन राहिली मॅडम." तीही म्हणाली, झोपा. मग कॅज्युअल्टीतून फोन आला आणि ती खाली पळाली. चार वाजता सिस्टरने हाक मारली, तेव्हा त्याचा श्वास थांबत आला होता. नळी घातली, छाती दाबली, पाऊण तास झाला. माणूस गेला.

या विषात एक दगा असतो. दोन-तीन दिवसांनी पेशंट सुधारतोय असं वाटत असतानाच मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून पेशंटला उशीवरून मान उचलायला सांगायची असते. सकाळच्या राउंडला सगळ्यांसमोर तिला एकच प्रश्न विचारला गेला: "मान उचलायला लावली होती का?" तिने लावली नव्हती. प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो विचारून झाल्यावर राउंड पुढच्या खाटेकडे गेला, आणि ताई तिथेच उभी राहिली.

त्या आठवड्यात ती एका दिवसासाठी घरी आली. आई म्हणाली, "जेवून घे न थोडं." ती म्हणाली, "भूक नाही न आई." मी शहाणपणा करत म्हणालो, "तू तुझ्याकडून सगळं केलं ना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच झालो. तिने सगळं केलं नव्हतं, हेच तर तिचं दुःख होतं.

तिला त्यातून बाहेर काढलं ते तिसऱ्या वर्षाच्या एका सीनियरने. तो तिला गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेला. 'तुझी चूक नाही' असं तो म्हणाला नाही. त्याने विचारलं, "त्या रात्री जेवली होती का?" ती नाही म्हणाली. मग म्हणाला, "बरं, पहिल्यापासून सांग." ती बोलत गेली, तो ऐकत गेला. शेवटी तो म्हणाला, "माझा पहिला साप चावलेला होता. त्याचं नाव अजून आठवते मला."

बस, इतकंच. त्या रात्री ती झोपली.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. त्यामुळे मला प्रश्न पडला तो इतिहासाचा. पेशंट गेल्यावर डॉक्टरच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं, हे वैद्यकाच्या जगाला कधी कळलं? आणि हे काम इतकी वर्षं टपरीवरच का होत राहिलं?

थोडं मागे जाऊया. 1889 साली विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोपाचं भाषण केलं. त्या भाषणाचा विषय होता चित्ताची समता. डॉक्टरचा चेहरा प्रसंगी स्थिर हवा, हात थरथरता कामा नये. यात खोटं काही नाही. आपलं माणूस खाटेवर असताना समोरचा डॉक्टर घाबरलेला कुणाला चालेल? पण पुढच्या पिढ्यांनी या उपदेशाचा एक सोपा अर्थ काढला: डॉक्टरने हलायचंच नाही. पेशंटसमोर नाही, मित्रांसमोर नाही, एकटं असतानाही नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जनने वेगळाच आग्रह धरला. प्रत्येक ऑपरेशनचा शेवटी निकाल काय लागला हे लिहून ठेवा, चूक झाली तर तीही लिहा. सहकाऱ्यांना तो डोईजड झाला. पण आज वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठका होतात, त्यांच्या मुळाशी कॉडमनचा हा आग्रह आहे. या बैठकीत विचारतात, काय चुकलं? हा प्रश्न आवश्यकच आहे. फक्त त्याच खोलीत बसलेल्या, ज्याच्या हातून चुकलं त्या पोराचं काय, हे विचारायला वेगळी खोली नव्हती.

आता वर्ध्याकडे येऊ. पण वर्ध्याकडे येण्याआधी पुण्याला थांबावं लागेल, कारण सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय ज्यांनी उभं केलं, त्या डॉ. सुशीला नायर 1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या.

तेव्हा त्यांचं वय 27. दिल्लीच्या लेडी हार्डिंगमधून शिकलेल्या, सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या प्रकृतीकडे लक्ष देणाऱ्या. 'छोडो भारत'च्या धरपकडीत कस्तुरबांसोबत त्याही पकडल्या गेल्या आणि 11 ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये आल्या. गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू तिथे आधीच होते. या कैद्यांमध्ये त्या वेळी डॉक्टर एकच, सुशीला नायर.

चार दिवसांनी, 15 ऑगस्ट 1942 च्या सकाळी महादेवभाई अचानक कोसळले. पन्नास वर्षांचा माणूस. धावाधाव झाली, उपचारांची खटपट झाली, पण थोड्याच वेळात सगळं संपलं. गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या देहाला स्नान घातलं. पॅलेसच्या आवारातच त्यांना अग्नी दिला.

मंडळी, या प्रसंगाकडे आपण नेहमी गांधीजींच्या बाजूने बघतो. पंचवीस वर्षं सावलीसारखा राहिलेला सोबती गेला, हे दुःख मोठंच. पण एकदा त्या 27 वर्षांच्या डॉक्टरच्या बाजूने बघा. गेलेला माणूस पेशंट तर होताच, पण घरचाही होता. बाहेर जायला बंदी. 'मी काय वेगळं करू शकले असते' हे विचारायला त्यांच्यासोबत दुसरा डॉक्टर नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मी माझ्या कल्पनेने भरणार नाही. त्या काळात त्या रोजनिशी लिहीत होत्या, आणि पुढे तिचं 'बापू की कारावास-कहानी' हे हिंदी पुस्तक झालं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. त्याच ऑगस्टच्या अखेरीस गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं, 'आरोग्याची किल्ली'. डिसेंबरात ते पूर्ण झालं. त्याचं हिंदी आणि इंग्रजी भाषांतर सुशीला नायर यांनी केलं. मृत्यूला पंधरा दिवस होत नाहीत, तोवर त्या घरात पुन्हा शरीराबद्दल, आजाराबद्दल, काळजीबद्दल बोलणं सुरू झालं होतं. हे सांत्वन म्हणून ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही. पण हाताला काम आणि कामाला सोबत मिळाली, हे खरं.

फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास केला. त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगातून डॉ. गिल्डर यांना पॅलेसमध्ये आणलं गेलं, आणि नंतरही ते तिथेच राहिले. गिल्डर म्हणजे मुंबईचे नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ, मुंबई प्रांताचे माजी आरोग्यमंत्री. आता त्या बंदिवासात डॉक्टर दोन झाले, एक तरुण, एक अनुभवी.

पुढच्या वर्षी कस्तुरबांची प्रकृती ढासळत गेली. शेवटच्या दिवसांत पेनिसिलिन मागवलं गेलं. तेव्हा ते अगदी नवं औषध होतं, आणि इंजेक्शनं काही तासांच्या अंतराने द्यावी लागत. देवदास गांधींना वाटत होतं, देऊन बघावं. गांधीजींना वाटलं, आता शेवटच्या घटकेला सुयांचा त्रास नको. पेनिसिलिन दिलं गेलं नाही. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या.

हाही मृत्यू घरातलाच, आणि सोबत एक जड निर्णय. आजही लोक त्यावर वाद घालतात. पण एक फरक होता. या वेळी निर्णयाचं ओझं वाटून घ्यायला शेजारी दुसरा डॉक्टर होता. तीच नाडी बघणारा, तीच रात्र जागलेला. मला विचाराल तर आजच्या अख्ख्या भागाचा गाभा या दोन तारखांच्या मधल्या फरकात आहे.

कस्तुरबांच्या निधनानंतर सेवाग्रामात त्यांच्या नावाने बाया आणि मुलांसाठी छोटा दवाखाना सुरू झाला. तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय. 1962 ते 1967 डॉ. नायर केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. देशातलं ग्रामीण भागातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. वर्ध्यापासून आठ किलोमीटर, म्हणजे ऑटोने वीस मिनिटं.

तिथली रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नवीन बॅच आली की ती आधी आश्रमात राहते. खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं त्या गावात शिबिराला जाऊन राहतात, त्यांच्याकडे घरं वाटून दिलेली असतात. आमच्या लहानपणी आम्हाला या खादीवाल्या पोरांची गंमत वाटायची. आता त्यात मला वेगळं काही दिसतं. एकत्र झाडू मारलेली, एका पंगतीत जेवलेली पोरं पुढे वॉर्डात एकमेकांना आडनावाने नाही, माणूस म्हणून ओळखतात. ही रीत मानसिक आधारासाठी बनवलेली नव्हती. आणि कुठलीही रीत एकटी पुरत नाही. पण ज्याच्यासमोर रडता येईल असा माणूस संकटाच्या रात्री आयत्या वेळी सापडत नाही, तो आधीपासून ओळखीचा असावा लागतो.

तिकडे लंडनमध्ये याच सुमारास, 1950 च्या दशकात, मायकेल बॅलिंट हे मनोविश्लेषक आणि त्यांची पत्नी एनिड यांनी टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एक साधा प्रयोग केला. आठ-दहा डॉक्टरांना ठरावीक दिवशी गोल बसवायचं. एकाने आपला एक पेशंट सांगायचा, पण कागद न बघता. चर्चा औषधाची नाही, डॉक्टर आणि पेशंट यांच्यात काय घडतंय त्याची. 'बॅलिंट गट' या नावाने हे आजही जगभर चालतात. टपरीवरच्या गप्पांना पहिल्यांदा वेळ, जागा आणि नियम मिळाले ते इथे.

तरी चुकीबद्दल, मृत्यूबद्दल बोलणं कठीणच होतं. मग 2000 साली अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरने एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम एका पानाचा लेख लिहिला. हे वू जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे. योगायोग बघा, डॉ. सुशीला नायर यांनी सार्वजनिक आरोग्याचं पुढचं शिक्षण घेतलं ते याच विद्यापीठात.

वूंनी आपल्या निवासी डॉक्टरकीच्या दिवसांची आठवण सांगितली. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या नजरेतून ईसीजीवरची धोक्याची खूण सुटली, आणि पेशंटला रात्री उशिरा तातडीने ऑपरेशनला न्यावं लागलं. बातमी पसरली. सोबतच्या डॉक्टरांनीच त्या मुलाचा जणू खटला चालवला आणि 'नालायक' असा निकाल लावला. वू मनात म्हणत होते, ही चूक माझ्याही हातून झाली असती. पण कुणी त्याच्या जवळ गेलं नाही. अशा डॉक्टरला वूंनी नाव दिलं, 'दुसरा बळी'. पहिला बळी पेशंट.

लक्षात घ्या, त्या मुलाचा न्याय करणारे त्याचे वरिष्ठ नव्हते, सोबतीच होते. सोबती आधार देऊ शकतात तसे मोडूही शकतात. म्हणून ही गोष्ट नुसत्या चांगुलपणावर सोडून भागत नाही.

नाव मिळालं की अभ्यास सुरू होतो. मिसुरी विद्यापीठाच्या सुसान स्कॉट यांनी, त्या मूळच्या नर्स, अशा 31 आरोग्यसेवकांच्या मुलाखती घेतल्या आणि 2009 मध्ये त्यातून सहा टप्पे मांडले. आधी गोंधळ. मग तीच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं. मग लोक आपल्याबद्दल काय बोलतात ही धास्ती. मग चौकशी. मग कुणाशी बोलता येईल याचा शोध. आणि शेवटी तीन वाटांपैकी एक: पेशा किंवा जागा सोडणं, कसंबसं टिकणं, किंवा शिकून उभं राहणं. ताईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिले चार तर एकाच आठवड्यात झाले."

स्कॉट यांच्या गटाने मदतीच्या तीन पायऱ्याही बांधल्या. त्यांच्या अंदाजाने साधारण 60 टक्के लोकांना आपल्याच विभागातल्या सहकाऱ्याचा आधार पुरतो. 30 टक्क्यांना थोडं प्रशिक्षण घेतलेला सोबती लागतो. उरलेल्या 10 टक्क्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा इतर तज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये 2011 पासून असे प्रशिक्षित सोबती फोनवर उपलब्ध आहेत. फोन करायचा, कुणीतरी येतं, ऐकतं. चौकशीशी त्याचा संबंध नाही.

आता एक हरकत, आणि ती रास्त आहे. 2019 मध्ये चुकीच्या उपचारांत आपली माणसं गमावलेल्या काही कुटुंबीयांनी जाहीरपणे म्हटलं, 'दुसरा बळी' हा शब्द सोडून द्या. बळी आमचा माणूस आहे. डॉक्टरने स्वतःला बळी म्हणवून घेतलं की जबाबदारी हवेत विरते. मला हे पटतं. ताईच्या पेशंटचीही बायको होती, बाहेर बाकावर बसलेली. चार वाजून गेल्यावर तिला सांगायला ताईच गेली होती. म्हणून मी आज 'बळी' हा शब्द फक्त इतिहास सांगण्यापुरता वापरला. आधार देणं म्हणजे चूक झाकणं नव्हे. उलट, सावरलेला डॉक्टरच घरच्यांच्या डोळ्यांत बघून खरं सांगू शकतो. घाबरलेला डॉक्टर कागदामागे लपतो.

आपल्याकडे भीतीला आणखी कारणं आहेत. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उतरले. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे, तरीही. जिथे मृत्यूनंतर पहिला विचार 'आता बाहेर काय होईल' हा असतो, तिथे दुःखाला जागा कुठून मिळणार?

आणि वेळ? निवासी डॉक्टरांचे तास आठवड्याला साधारण 48 असावेत असं 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत आहे. कुठल्याही निवासी डॉक्टरला हा आकडा सांगून बघा, तो हसेल. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतीगटाने मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी माहिती भरली होती. त्यांतल्या 31 टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, जीव द्यावासा वाटला. तीनातला जवळपास एक. हा आकडा वाचून मी मोबाइल खाली ठेवला होता. या अहवालाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा आणि एक सुटी सुचवली आहे. 1992 ते 2024 मध्ये मर्यादा 48 वरून 74 वर आली, याचा अर्थ तुम्हीच लावा.

एक बरं झालंय. 2019 पासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग अधिकृतपणे शिकवला जातो. वाईट बातमी कशी सांगायची, हे आता अभ्यासक्रमात आहे. वाईट बातमी सांगून आलेल्या मित्राजवळ कसं बसायचं, हेही तितकंच शिकवावं, असं मला वाटतं.

ताई आता सीनियर आहे. तिच्या युनिटमध्ये तिने एक साधा नियम केलाय. ज्युनियरचा पेशंट अनपेक्षित गेला, तर त्याच दिवशी, राउंडच्या आधी, कुणीतरी एकाने त्याला घेऊन बाहेर पडायचं. कोण जाणार याची पाळी ठरलेली. तीन प्रश्न: जेवला का? झोपला का? पहिल्यापासून सांगतो का? काय चुकलं ते बैठकीत, नंतर. आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारायचं, कारण पहिल्या दिवशी सगळेच 'मी ठीक आहे' म्हणतात. तरीही पोरगा सावरत नसेल, तर त्याला मानसोपचार विभागात एकट्याने जायला सांगायचं नाही. सोबत जायचं.

मी तिला विचारलं, पाळी कशाला लावली? हे आपोआप होत नाही का? ती म्हणाली, "माझ्या वेळी आपोआप झालं. तो सीनियर त्या दिवशी सुटीवर असता तर?"

ऐकणाऱ्यांत कुणी इंटर्न असेल, निवासी असेल, किंवा माझ्यासारखा त्यांचा भाऊ असेल, तर आज रात्री एक मेसेज टाका. 'तू सगळं केलंस ना' असं नका लिहू, मी ती चूक केलीये. 'जेवली का' एवढं पुरे. आणि मन फारच काळवंडलं असेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

हा भाग संपवून मी ताईला पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "ऐकते नंतर. आज माझी पाळी आहे, चहाला चालली."

भेटू पुढच्या भागात.